चरबी वितळली नाही, सोडियम उतरलं

‘पाण्याचा कुठलाही साइड इफेक्ट नाही, तेव्हा बिनधास्त करा.’ गेला दीड महिना हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मावशीच्या मोबाइलवर आलेल्या मेसेजचा हा शेवट. मावशी ठाण्याला वर्तकनगरात राहते. वय ६७. रोज सकाळी उपवन तलावाला फेऱ्या मारते आणि तिथल्या बायकांच्या ग्रुपवर जे येईल ते मन लावून वाचते. नंतर तोच मेसेज आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेतल्या शिक्षिकांच्या ग्रुपवरही आला, म्हणजे तुमच्यापर्यंतही पोचला असणार. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: सकाळी उठल्याबरोबर तोंड न धुता चार ग्लास गरम पाणी प्या, पोटावरची चरबी वितळते. दिवसभरात किमान सहा लिटर पाणी गेलंच पाहिजे, लघवी पाण्यासारखी पांढरी होईपर्यंत पीत राहा. मीठ बंद करा. जेवताना पाणी नको, जठराग्नी विझतो. पहिले काही दिवस डोकं दुखेल, मळमळेल, घाबरू नका, शरीरातलं विष बाहेर पडतंय. दहा दिवसांत पाच किलो कमी. महिन्याभरात बीपी-शुगरच्या गोळ्या सुटतील. जपानी लोक हेच करतात, आपल्या आयुर्वेदातही हेच सांगितलंय. आणि शेवटी ते साइड इफेक्टचं वाक्य.

मावशीनं हे नऊ दिवस केलं. मन लावून केलं, कारण ती कुठलीच गोष्ट अर्धवट करत नाही. ओट्यावर एक-एक लिटरच्या सहा बाटल्या रांगेत मांडायची आणि झोपायच्या आत संपवायची. सहाव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. सातव्या दिवशी मळमळ. सुनेनं विचारलं तर म्हणाली, “अगं, लिहिलंच आहे त्यात, विष निघतंय.” नवव्या दिवशी संध्याकाळी मावसभावाचा मला फोन आला, “ताई, आई काहीतरीच बोलतेय, तू ये.” मी लोकलनं ठाणं गाठलं तेव्हा मावशी पलंगावर बसून “हे आले का कंपनीतून?” असं विचारत होती. काका जाऊन सहा वर्षं झाली.

रात्री एका रुग्णालयात दाखल केलं. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न गोळ्यांबद्दल होता आणि दुसरा, “पाणी किती पितात?” मावसभाऊ म्हणाला, “पाण्याची काही काळजी नाही डॉक्टर, भरपूर पितात, सहा लिटर.” त्याला वाटत होतं तो चांगलं काहीतरी सांगतोय. तासाभरात रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम, म्हणजे मिठातला जो घटक रक्तात असतो तो, ११८. ते १३५ ते १४५ मध्ये असायला हवं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. रसाकर्षणाचा धडा शिकवताना दरवर्षी मुलांना बेदाणे पाण्यात टाकायला लावते. साध्या पाण्यात बेदाणा फुगतो, तोच फुगलेला बेदाणा मिठाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यात टाकला की आक्रसतो. पाणी नेहमी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं. रक्तातलं सोडियम खाली आलं की रक्त पातळ बाजू होते आणि शरीरातल्या पेशी दाट बाजू. पाणी पेशींत शिरतं, पेशी फुगतात. हाताच्या, पायाच्या पेशी थोड्या फुगल्या तर त्यांना जागा आहे. मेंदू कवटीत बंद आहे, त्याला जागा नाही. म्हणून आधी डोकं दुखतं, मग मळमळ, उलटी, मग भ्रम, मग झटके, आणि त्याच्याही पुढे बेशुद्धी आणि मृत्यू. मेसेजमध्ये ज्याला ‘विष बाहेर पडणं’ म्हटलंय ती या क्रमातली पहिली दोन लक्षणं आहेत.

माझा सगळा राग या एका ओळीवर आहे. बाकीची विधानं चुकीची आहेत, ही ओळ घातक आहे. शरीर थांब म्हणून सांगत असतं आणि मेसेज सांगतो, हीच खूण आहे, चालू ठेवा. ही ओळ नसती तर मावशी सहाव्या दिवशी सुनेला म्हणाली असती की मला बरं वाटत नाही. तिनं तीन दिवस अंगावर काढलं, कारण कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं की असं होणार आणि ते चांगलंच. शरीरातला टाकाऊ भाग बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करत असतात. त्यांना त्यासाठी लागतं तेवढं पाणी तहान मागून घेते. त्याच्यावर दोन-तीन लिटर जास्त ओतल्यानं जास्तीचं विष निघत नाही, फक्त जास्तीचं पाणी निघतं.

आणि तेही नेहमी निघत नाही. धडधाकट माणसाचं मूत्रपिंड तासाला साधारण ८०० मिलिलिटर ते १ लिटर पाणी बाहेर टाकू शकतं. पहाटे दहा मिनिटांत चार मोठे ग्लास आणि लगेच पुढची बाटली, असं केलं तर ती मर्यादा तरुण माणसालाही गाठता येते. २००७ च्या जानेवारीत अमेरिकेत सॅक्रमेंटोला एका रेडिओ केंद्रानं लघवीला न जाता सर्वांत जास्त पाणी कोण पितं अशी स्पर्धा ठेवली होती. त्यात भाग घेतलेली अठ्ठावीस वर्षांची, तीन मुलांची आई त्याच दिवशी घरी गेली आणि मरण पावली. तिला कुठला आजार नव्हता. डोकं दुखतंय, एवढंच ती सांगत होती.

मावशीच्या बाबतीत मर्यादा आणखी खाली होती, आणि त्याची दोन कारणं तो मेसेज पाळण्यातूनच आली होती. एक, मीठ बंद. दुसरं, खाणं अगदी कमी, कारण वजन उतरवायचं म्हणून ती फळं आणि दुधीच्या सूपवर होती. मूत्रपिंडाला नुसतं पाणी बाहेर टाकता येत नाही. पाण्याबरोबर थोडे क्षार, थोडा युरिया लागतो, आणि तो आपल्या रोजच्या मीठ-डाळ-भाजी-पोळीतून येतो. खाणंच आटलं तर पाणी वाहून न्यायला गाडीच नाही. शिवाय तिची बीपीची गोळी. तिच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे, ज्याला आपण लघवीची गोळी म्हणतो त्यातलाच प्रकार. ती शरीरातलं मीठ लघवीवाटे काढते आणि जास्तीचं पाणी वेगळं करून टाकण्याची मूत्रपिंडाची ताकद कमी करते. वयस्कर बायकांत या गोळीमुळे सोडियम उतरणं हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर त्यांनी पहिला प्रश्न गोळ्यांचा विचारला. तुमच्या घरात बीपीची गोळी चालू असेल तर पाकिटामागे हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड यांपैकी काही लिहिलंय का ते आज बघा. असेल तर गोळी आपल्या मनानं बंद करू नका, चांगलं औषध आहे ते. फक्त डॉक्टरांना विचारा, मी दिवसाला किती पाणी प्यायचं.

“पण खेळाडू तर लिटरच्या लिटर पितात,” असं आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मला ऐकवलं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्या ४८८ जणांचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं होतं, ते संशोधन २००५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं. त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी झालेलं होतं. तिघांचं १२० किंवा त्याखाली, म्हणजे मावशीच्या जवळपास. ही माणसं बेचाळीस किलोमीटर धावली होती, घामाघूम झाली होती. त्रास कुणाला झाला याचा सर्वांत ठळक धागा कोणता निघाला असेल? शर्यतीत वजन वाढलेल्यांना. धावता धावता इतकं पाणी प्यायले की सुरुवातीपेक्षा शेवटी वजन जास्त भरलं. कुठल्या प्रकारचं पेय घेतलं याला महत्त्व नव्हतं, किती घेतलं याला होतं. धावणाऱ्या धडधाकट माणसांचं जर असं होतं, तर पलंगावरून ओट्यापर्यंत चालणाऱ्या माणसाला सहा लिटर सांगणाऱ्यानं निदान एकदा विचार करायला हवा होता.

आता चरबी वितळण्याबद्दल. ही कल्पना कुठून येते ते मला कळतं. तुपाचं भांडं गरम पाण्यानं धुतलं की चिकटलेलं तूप सुटतं, हे आपण रोज बघतो. पण प्यालेलं पाणी पोटावरच्या चरबीपर्यंत जात नाही. ते जठरात जातं, तिथून आतड्यात, तिथून रक्तात, आणि तोपर्यंत त्याचं तापमान शरीराइतकंच, ३७ अंश झालेलं असतं. शिवाय चरबी वितळवायचीच गरज नाही. ३७ अंशांना ती पेशींच्या आत आधीपासून तेलासारखी पातळच असते. पातळ असणं आणि शरीराबाहेर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चरबी बाहेर जाते ती जळून. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हिशेब मांडला होता: १० किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि १.६ किलो पाणी होऊन. म्हणजे चरबी बहुतांशी नाकातून जाते. ती लघवीतून वाहून जाते, म्हणून लघवी पांढरी होईस्तोवर पाणी प्या, या समजुतीत काही तथ्य नाही. लघवी फिकट पिवळी असली की पुरे. सतत पाण्यासारखी दिसत असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पिताय.

थंड पाणी गरम करायला शरीराला थोडी ऊर्जा लागते, हे खरं. हिशेब सातवीच्या मुलाला जमेल असा आहे. १ लिटर पाणी १ अंशानं तापवायला १ किलोकॅलरी. माठातलं २५ अंशांचं पाणी ३७ वर न्यायला १२. सहा लिटरला ७२, म्हणजे एक पोळीसुद्धा नाही. आणि मेसेज तर गरम पाणी प्यायला सांगतो, त्याला तेवढेही लागत नाहीत.

आता पाच किलोंचा आकडा याच हिशेबाला लावा. १ किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात. दहा दिवसांत पाच किलो म्हणजे ३८,५००, दिवसाला ३,८५०. मावशीच्या वयाची, तिच्यासारखी चालणारी बाई दिवसभरात १,६०० ते १,८०० च्या आसपास खर्च करते. दहा दिवस तिनं अन्नाचा कण घेतला नसता तरी पाच किलो चरबी जाणं शक्य नव्हतं.

तरी तिचं वजन पहिल्या चार दिवसांत दीड किलोनं उतरलं होतं, आणि ते मी नाकारत नाही. तिनं ग्रुपवर काट्याचा फोटोसुद्धा टाकला होता, त्यावर पंधरा-वीस जणींनी हात जोडले, आणि त्यातल्या काहींनी दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. हे उतरलेलं वजन खाणं आणि मीठ कमी केल्याचं होतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून बसते. खाणं कमी झालं की पहिल्या काही दिवसांत तो साठा संपतो आणि त्याच्याबरोबरचं पाणी निघून जातं. काटा खाली येतो, चरबी जवळजवळ तिथंच असते. दोन दिवस नीट जेवलं की परत भरतं. कुठल्याही दहा दिवसांच्या उपायाचं पहिल्या आठवड्यातलं यश असंच असतं, आणि लोकांचा विश्वास बसतो तो याच आठवड्यात.

आयुर्वेदाचं नाव घेतलंय म्हणून तेही बघू. माझ्या आजोबांच्या कपाटात अष्टांगहृदयाची मराठी भाषांतराची प्रत आहे, ती मी मुद्दाम काढली. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात वाग्भट पाण्याबद्दल सांगतो. शरद आणि ग्रीष्म हे दोन ऋतू सोडले तर निरोगी माणसानंही पाणी थोडंच प्यावं, असं तिथं आहे. सहा लिटरचं नाव नाही, उलट ज्यांचा अग्नी मंद आहे, अंगावर सूज आहे, त्यांनी कमीच घ्यावं असं बजावलंय. आणि जेवताना पाणी पिऊ नका हेही त्यात नाही. जेवणाच्या मध्ये पाणी पिणाऱ्याचं शरीर सम राहतं, शेवटी पिणारा स्थूल होतो, आधी पिणारा कृश होतो, असं तो म्हणतो. याच अध्यायात पुढे मध गरम करून किंवा गरम पदार्थाबरोबर घेऊ नये असंही आहे, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजच्या दुसऱ्या आवृत्तीत गरम पाण्यात लिंबू-मध आलंय. ज्याला आयुर्वेद मानायचा त्यानं जरूर मानावा. पण त्याचं नाव लावून त्याच्या उलट सांगू नये.

‘जेवणाआधी पिणारा कृश होतो’ यात थोडं तथ्य आहे, आणि ते मला मान्य करावं लागतं. अमेरिकेत ५५ ते ७५ वयाच्या ४८ जणांवर एक प्रयोग झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना बेताचं जेवण दिलं. निम्म्यांना प्रत्येक जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायला लावलं. बारा आठवड्यांनी पाणी पिणाऱ्यांचं वजन सुमारे दोन किलो जास्त उतरलं. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये ८४ लठ्ठ माणसांवर तसंच केलं, तिथं फरक १.३ किलो निघाला, तोही बारा आठवड्यांत. पोट थोडं भरलेलं असतं म्हणून दोन घास कमी जातात, इतकं साधं आहे ते. पाण्यानं चयापचय ३० टक्क्यांनी वाढतो असंही कुणीतरी म्हणेल. तसं २००३ मध्ये बर्लिनमध्ये चौदा जणांवर दिसलं होतं, पण २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तपासलं तेव्हा साध्या पाण्यानं तसं काही झालं नाही. तेव्हा जेवणाआधी एक-दोन ग्लास पाणी, ज्याला डॉक्टरांनी पाण्याचं बंधन घातलेलं नाही त्यानं खुशाल प्यावं. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा घेणाऱ्यानं त्यातले तीन कप सोडून पाणी घेतलं तर त्याला नक्की फरक पडेल, कारण रोजची सहा चमचे साखर गेली. तिथं काम साखर न खाण्यानं होतं.

दिवसाला आठ ग्लास पाणी प्यावं, हा नियमही असाच अर्धा वाचला गेलाय. १९४५ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि पोषण मंडळानं माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं, आणि लगेच पुढे म्हटलं की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. पुढचं गळून पडलं. आपल्या वरणभातात, ताकात, काकडीत, कलिंगडात ते पाणी असतं. उन्हात उभं राहून काम करणाऱ्याला जास्त लागतं, ठाण्या-मुंबईच्या दमट उन्हाळ्यात घाम जास्त जातो तेव्हाही लागतं, आणि मुतखडा होऊन गेलेल्यांना डॉक्टर मुद्दाम जास्त प्यायला सांगतात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला कमी सांगतात. सगळ्यांना मिळून एकच आकडा नसतो.

जपानबद्दल एवढंच. तिथं २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांच्या आरोग्य तपासणीत कमरेचा घेर मोजतात, पुरुषांना ८५ सेंटिमीटर आणि बायकांना ९० ची मर्यादा आहे, आणि ती ओलांडली तर आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन देतात. चार ग्लास पाण्यानं काम होत असतं तर त्यांना मोजपट्टी लागली नसती.

बीपी-शुगरच्या गोळ्या सुटतील, हे वाचून ज्यांनी त्या खरंच सोडल्या असतील त्यांनी आजच परत सुरू करण्याबद्दल डॉक्टरांना फोन करावा. यावर मला वाद घालायचा नाही.

मावशीचं सोडियम चढवायला चार दिवस लागले. मला वाटलं होतं मीठ द्यायचं आणि झालं. तसं नसतं. ते झपाट्यानं वर नेलं तर मेंदूच्या आतल्या मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते, म्हणून चोवीस तासांत ते साधारण आठ-दहा अंकांपेक्षा जास्त वाढू देत नाहीत. दर काही तासांनी रक्त काढायचे. तिचे दोन्ही हात काळेनिळे झाले होते. पहिले दोन दिवस तिला घोटभर पाणीसुद्धा मोजून मिळत होतं, आणि ती मला म्हणत होती, “अगं, सहा लिटर व्हायचंय अजून.” तिसऱ्या दिवशी तिनं मला नावानं हाक मारली.

आता ती घरी आहे. गोळी बदलली आहे. सध्या दिवसाला दीड लिटर सांगितलंय, ओट्यावर एक मोठी आणि एक छोटी अशा दोनच बाटल्या असतात, आणि आमटीत मीठ असतं. फेऱ्या पुन्हा सुरू केल्यात, एक मारते आणि बाकावर बसते. परवा मी गेले होते तेव्हा तिनं मोबाइल माझ्या हातात दिला, म्हणाली, माझे डोळे दुखतात, तू लिही, मी सांगते. ग्रुपवर तिनं टाकलं ते हे: “तो पाण्याचा मेसेज मीच दोघीतिघींना पुढे पाठवला होता. तो करू नका. माझं सोडियम ११८ झालं होतं, मी माणसं ओळखत नव्हते. डोकं दुखत असेल तर आजच थांबा आणि रक्त तपासा. रिपोर्ट घरी आहे, ज्यांना बघायचा त्यांनी दुपारी चारनंतर या.”